न पडणारा पैलवान

आमचे हे बॉक्सर होते. बॉक्सर म्हटलं की लोकांना वाटतं, घरात कपाटभर ढाली असतील. कसल्या ढाली आणि कसलं काय! इतकी वर्षं पैसे घेऊन लढले, पण पंचाने यांचा हात एकदासुद्धा वर केला नाही. तरी छाती काढून सांगायचे, "मी अजून हरलेलो नाय." मी नगरपालिकेच्या शाळेतली मास्तरीण, मला खोटं खपत नाही. पण हे खोटं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत होती.

यांचं गाव नांदगावकडचं. लहानपणापासून तालमीत वाढलेले, यात्रांमधून कुस्त्या केलेले. कुस्तीत सगळं सरळ असतं. ज्याची पाठ मातीला लागली तो हरला. पाठ लागली नाही तोवर तुम्हाला हरलेला म्हणायची कुणाची टाप नाही. हे यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की पुढे हातात ग्लोव्हज चढले तरी नियम तोच राहिला. पंच गुण मोजतात, कागदावर काही लिहितात, शेवटी दुसऱ्याचा हात वर करतात, ते सगळं यांच्या लेखी कारकुनी काम होतं.

पोटासाठी हे नाशिकरोडला आले आणि मालधक्क्यावर हमाली करू लागले. कधी देवळालीला कॅम्पात पोती उतरवायला जायचे. तिथे सुटीच्या दिवशी जवानांची बॉक्सिंग चालायची. एकदा त्यांनी गंमत म्हणून या हमालाला ग्लोव्हज घातले. यांनी ठोसे खाल्ले, नाक फुटलं, पण गडी काही पडेना. दुसरा आला, तिसरा आला, तेही दमले. ते बघणाऱ्यांत एक ठेकेदार होता. मनमाड, भुसावळ, इगतपुरी, मालेगाव असा गावोगाव तिकीट लावून तो बॉक्सिंगचे खेळ करायचा. मुंबईहून शिकलेले, खाऊनपिऊन तयार झालेले बॉक्सर आणायचा, आणि त्यांच्यापुढे उभा करायला त्याला इकडचा माणूस लागायचा. मार खाणारा हवा, पण लगेच आडवा होणारा नको, नाहीतर पब्लिक पैसे परत मागतं. त्याला यांच्यात घबाडच सापडलं. पोस्टरवर छापलं, 'नाशिकचा न पडणारा पैलवान'.

आमचं लग्न जमलं तेव्हा मला एवढंच सांगितलं होतं की मुलगा खेळाडू आहे. विहारात लग्न लागलं त्या दिवशी यांच्या डाव्या डोळ्याखाली चांगलंच काळंनिळं होतं. आईने विचारलं, हे काय झालं? तर म्हणाले, "दार लागलं." मी पदरात तोंड लपवून हसले. तेव्हा सगळ्याचं हसूच येत होतं मला.

खेळावरून आले की दारातच पाठ करून उभे राहायचे. "बघ मास्तरीण, माती लागली का?" मला हे कायम मास्तरीणच म्हणायचे. मी बघायची. बनियन पाठीमागून स्वच्छ असायचं आणि पुढून रक्ताने कडक झालेलं. मी ते साबण लावून चोळत बसायची आणि हे सुजलेल्या ओठांनी चहा ओढत सांगायचे, मुंबईवाला कसा दमला, त्याच्या हाताला कसे गोळे आले, शेवटी तोच कसा दोराला टेकला. मी म्हणायची, "अहो, पण जिंकला तोच ना?" की झालं, यांचा चेहरा पडायचा. "तुला कुस्ती नाय कळत," एवढंच म्हणायचे.

नाही कळत तर नाही कळत! मला एक कळत होतं, की पैसे तेवढेच मिळतात, माणूस पहिल्या फेरीत पडो नाहीतर शेवटपर्यंत उभा राहो. ठेकेदाराशी बोलणीच तशी होती. मग उभं राहायचं कशाला? मार कशाला खायचा? एके दिवशी मी सरळ म्हटलं, "लवकर पडत जा."

यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चोरी करायला सांगतेय. "पडू? मुद्दाम?"

"हो. मुद्दाम."

त्या दिवशी हे जेवले नाहीत. पण मीही हट्टी. रविवारी जमिनीवर गादी अंथरली, आमच्या लहान मुलीला शेजारी खेळायला पाठवलं आणि म्हटलं, "चला, पडायला शिका." यांना हसू आलं. मी दोन्ही हातांनी ढकललं, तर हे पडता पडता अंग फिरवून पालथे झाले. परत ढकललं, परत पालथे. कुस्तीतला माणूस खाली गेला की पोटावर जातो, पाठ देत नाही, आणि ते काही विचार करून होत नाही म्हणे, अंगच फिरतं. "नाय होत गं," गादीवर पालथे पडून हे खो-खो हसत होते. मीसुद्धा हसले, काय करणार? रिंगमध्येही तेच चालायचं. ठोसा बसून खाली गेले की हातागुडघ्यांवर यायचे, पंच आकडे मोजायला लागायचा आणि हे परत उभे. परत उभे म्हणजे परत मार. पब्लिक नुसतं वेडं व्हायचं.

मुलगी बालवाडीत जायला लागली तेव्हापासून यांचं बोलणं जड झालं. जीभ वळायची नाही. शर्टाची बटणं लावायला सकाळची सकाळ जायची. एकदा आमच्या कॉलनीतच घर चुकले, दुसऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसले आणि 'मास्तरीण, मास्तरीण' अशा हाका मारत राहिले. कॉलनीत कुजबुज सुरू झाली की मास्तरीणबाईंचा नवरा प्यायला लागला. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! ज्या माणसाने आयुष्यात दारूचा थेंब तोंडाला लावला नाही, त्याला बायका नळावर बेवडा म्हणतात. मी नळावरच भांडले. घागर आपटून भांडले. "तुमच्या नवऱ्यांचे वास घ्या आधी," म्हटलं. त्या दिवसापासून कुणी माझ्या तोंडावर बोललं नाही, पण वाटेत यांना बघितलं की बायका पोरांना बाजूला ओढायच्या.

डॉक्टरांकडे नेलं. म्हातारे, शांत डॉक्टर होते. बोटं नाचवून बघितली, एका रेषेत चालायला लावलं. हे चालले आणि भिंतीला टेकले. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, डोक्याला मार लागून लागून आतून इजा झाली आहे. आता एकही ठोसा नको. इथे थांबलं तर थांबलं, नाहीतर मी काही सांगू शकत नाही."

इथे थांबलं तर थांबलं. एवढं एकच वाक्य धरून मी घरी आले. मला यांचं जिंकणं नको होतं, पैसा नको होता. मला माझा माणूस शुद्धीत हवा होता. मला मास्तरीण म्हणून हाक मारणारा, मुलीचं नाव न चुकणारा. मी पाया पडले, रडले, अबोला धरला. हे म्हणायचे, "बरं बरं, नाय जात." आणि ठेकेदाराचा माणूस दारात आला की शर्ट चढवायला लागायचे. मी ठेकेदाराला जाऊन शिव्या घातल्या. तो गोड हसून म्हणाला, "वहिनी, मी कुठे जबरदस्ती करतो? पैलवानच म्हणतात, पडलो की सोडेन." म्हणजे पडल्याशिवाय हा माणूस सुटणार नव्हता, आणि पडणं याच्या अंगात नव्हतं.

शेवटचा खेळ नाशिकरोडलाच झाला, थिएटरमागच्या पटांगणात. ड्रमांवर फळ्या, वर ताडपत्री, चारी बाजूंनी दोर, ती यांची रिंग. तोवर मी एकही खेळ पाहिला नव्हता. बायका जायच्याच नाहीत. त्या दिवशी मुलीला आईकडे ठेवलं, पदर खोचला आणि गेले. सगळी बाप्यांची गर्दी. कुणी म्हणालं, "बाई, चुकलात का?" मी म्हटलं, "नाही, बरोबर आलेय. सरका."

समोरचा मुंबईचा पोरगा होता, यांच्यापेक्षा वितभर उंच. तो मारत होता आणि हे खात होते. मी ते सांगू शकत नाही. ऐकणं वेगळं आणि डोळ्यांनी बघणं वेगळं. हात वर धरायचंही यांना सुचेना. दोन्ही हात खाली लोंबत होते आणि चेहऱ्यावर हसू होतं. आणि गर्दी टाळ्यांच्या ठेक्यावर ओरडत होती, "पडत नाय! पडत नाय!" कौतुकाने हं! मला वाटलं, एकेकाच्या मुस्कटात द्यावी.

मी वाट काढत दोरापर्यंत गेले आणि शाळेच्या मैदानावर ओरडते तशी ओरडले, "अहो, पडा! पडा म्हणते ना!"

गर्दी फिदीफिदी हसली. "बायको आली रे, बायको!" मुंबईचा पोरगासुद्धा हात थांबवून बघायला लागला. यांनी मान वळवली. मला शोधायला यांना वेळ लागला. मग मी दिसले. मी हात जोडले. पुन्हा म्हटलं, "पडा हो."

कुणी यांना हात लावला नव्हता. यांनी गुडघे वाकवले, खाली बसले, आणि खाटेवर पडावं तसे सावकाश पाठीवर पडले. पाठ पूर्ण टेकली. डोळे उघडे होते. पंच दहापर्यंत मोजत राहिला आणि हे वर आभाळाकडे बघत राहिले.

मग एकच गिल्ला झाला. "नुरा कुस्ती! नुरा कुस्ती!" आपसांत ठरवून केलेल्या लढतीला आपल्याकडे नुरा म्हणतात, आणि पैलवानाला याहून घाण शिवी नाही. शेंगांची टरफलं आली, चपला आल्या. ठेकेदार माझ्यापुढे येऊन नाचला, धंदा बुडवला म्हणाला. मी यांचा दंड धरला आणि गर्दीतून बाहेर काढलं. दारात आल्यावर हे पाठ करून उभे राहिले नाहीत. सरळ आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

मी देवाधर्माला न मानणारी बाई, तरी त्या दिवशी मनातल्या मनात कुणाकुणाचे आभार मानत होते. सुटलो, असं वाटलं मला. यांची पाठ लागली तर लागली, माणूस राहिला.

कुठला राहतोय! पुन्हा एकही ठोसा यांनी खाल्ला नाही, तरी दर वर्षी थोडे थोडे जातच राहिले. मी परत त्या डॉक्टरांकडे गेले, जवळजवळ भांडायलाच गेले. म्हटलं, तुम्ही म्हणालात थांबेल. ते म्हणाले, "थांबलं तर, असं म्हणालो होतो, बाई. जे व्हायचं ते बहुधा तेव्हाच होऊन गेलं होतं." म्हणजे मी पाडलं ते फुकट पाडलं. घरी येताना मला रस्ता दिसत नव्हता.

मालधक्का सुटला. हे दाराशी खाटेवर बसून असायचे. मनमाडचे, भुसावळचे, इगतपुरीचे खेळ डोक्यातून पुसून गेले, त्यातलं न पडणंही गेलं. राहिलं काय, तर पडलेला तेवढा एक दिवस. आल्यागेल्याला तेच सांगायचे. बोलणं इतकं जड झालं होतं की फक्त मुलीला कळायचं. ती आपली मोठ्याने, खणखणीत आवाजात पाहुण्यांना समजावून द्यायची, "बाबा म्हणतात, मी एकदाच हरलो. आईमुळे." पाहुणे माझ्याकडे बघायचे. मी चहा पुढे करायची. मी चूक केली असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पुन्हा तो दिवस आला तर पुन्हा ओरडेन. पण म्हणून जळायचं ते थांबत नाही.

पुढे ते 'आईमुळे'सुद्धा गेलं. मी कोण, ते यांना कळेना. मला बाई म्हणायला लागले, अहो-जाहो करायला लागले. एका दुपारी मी वरणभात भरवत होते. यांनी माझा हात धरून थांबवला. शब्द तुटत होते, पण एव्हाना मलाही कळायला लागले होते.

"बाई, तुम्हाला सांगतो. मी कधी हरलो नाय. एकदा फक्त. एक बाई आली तिथं. पडा म्हणाली."

"कोण होती?" मी विचारलं.

"काय की. लय रडत व्हती बिचारी." बराच वेळ आठवत राहिले. "हात जोडले तिनं. मग काय करू? पडलो."

त्या दिवशी दोरापाशी मी रडत होते, हे मला तेव्हा कळलंही नव्हतं.

"तुम्हाला कुठं भेटली तर इचारा तिला," हे म्हणाले. "मला पाडून काय मिळालं तिला?"

"भेटली तर विचारीन," मी म्हटलं, आणि यांच्या हनुवटीवर सांडलेलं वरण पुसलं.