भुकूमच्या परण्याचा कापलेला तुकडा

आमच्या मुळशीच्या बँजो पार्टीची जी जुनी रेकॉर्डिंग आज मोबाइलवर फिरतात, त्यांतलं सगळ्यात नावाजलेलं रेकॉर्डिंग भुकूमच्या एका परण्याचं आहे. ते मी केलेलं आहे. त्याच्या अठ्ठाविसाव्या मिनिटाला मी जे केलं, ते कित्येक वर्षं लपवून ठेवलं होतं. ते सांगायला हे लिहितो आहे.

परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेवाला घोड्यावर बसवून मारुतीच्या दर्शनाला नेतात ती मिरवणूक. आमच्याकडे तिच्यापुढे बँजो पार्टी असते. हातगाडीवर भोंगे, अँप्लिफायर आणि ट्रकची बॅटरी, दोन ढोलक्या, ताशा, खुळखुळा, आणि मध्ये गळ्यात पट्टा अडकवून बँजो वाजवणारा. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या पत्तीने तारा छेडायच्या. सुरुवात एखाद्या माहितीच्या गाण्याने व्हायची आणि मग वाजवणारा ते गाणं सोडून कुठे कुठे जायचा. पोरं नाचत असली तर अर्धा अर्धा तास परत यायचा नाही. आमच्या पार्टीच्या बँजोवाल्याला सगळे वस्ताद म्हणत. मी त्याच्या मागे वेडा झालो होतो.

माझं वय तेव्हा एकोणीस. चुलत्यांचा टेपरेकॉर्डर कापडी पिशवीत घालून मी गळ्यात अडकवायचो, ताशाचा आवाज फाटू नये म्हणून माइकच्या भोकांवर पंचा दुमडून ठेवायचो, आणि वस्तादच्या तोंडासमोर उलट्या पावलांनी चालायचो. दोनदा गटारात पडलो आहे. कोळवण, पौड, लवळे, नांदे, जिथे सुपारी असेल तिथे सायकलने जायचो. घरी आल्यावर कॅसेटच्या कॉप्या करून मित्रांना द्यायच्या, त्यांनी पुढे द्यायच्या. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. आवडायचं म्हणून करायचो.

भुकूमचा परण्या मे महिन्यातल्या भर दुपारी होता. वस्ताद अठ्ठावीस मिनिटं वाजवून थांबला. उन्हाने त्याला चक्कर येत होती. लोकांनी त्याला एका ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. नवरदेवाचे मित्र ओरडायला लागले, "ओ, पैलवान बसला, आता काय आमी तोंडानं वाजवायचं व्हय?" तेव्हा वस्तादने माइक तोंडाजवळ घेतला, पार्टीची हातगाडी ढकलणाऱ्या माणसाचं नाव घेतलं, त्याच्या वस्तीचं नाव घेतलं, आणि म्हणाला, "आता ह्यो वाजवंल. मी ह्याला चार बोटं दावली, बाकीचं त्येचं त्यानं उचललं. माझ्यापरीस गोड हात हाय. गप ऐका."

तो माणूस वरच्या धनगर वस्तीवरचा. त्याचे भाऊ आमच्या शेतात मेंढरं बसवायला यायचे, लेंड्यांचं खत व्हावं म्हणून. वय तिशीच्या अलीकडचं असेल. गर्दीत कुणीतरी म्हणालं, "आता मेंढरावानी हाकतोय बघा बँजो." त्याने पट्टा गळ्यात घातला, थोडा आखूड केला, आणि वाजवायला लागला. एकट्याने, सावकाश, ढोलकीशिवाय. एखादा माणूस माळावर लांब उभा राहून हाळी देतो तसं ते सुरू झालं. मग ढोलकीवाल्यांना कळलं की आपण यायला पाहिजे, आणि ते आले. त्यानंतर जे झालं ते त्या गल्लीतल्या कुणी विसरलेलं नसेल. घोडासुद्धा बुजायचा थांबला.

सगळं माझ्या टेपवर आलं. वस्ताद थांबतो, गलका होतो, वस्ताद बोलतो, हा वाजवायला लागतो. संध्याकाळी मी घरी ते लावलं तेव्हा चुलते ओसरीवर दाढी करत होते. थोडं ऐकून म्हणाले, "हे वस्ताद न्हाई."

मी म्हणालो, "न्हाई. गाडीवाला हाय."

"सेल जाळून धनगराचा बँजो भरून आणलास व्हय?" आणि हसले.

मला लाज वाटली. खरं तर त्याहून वाईट काही वाटत होतं. दुपारपासून मला कळलं होतं की गाडीवाल्याने वस्तादपेक्षा चांगलं वाजवलं, आणि ते मला सहन होत नव्हतं. माझ्या माणसाला हातगाडी ढकलणाऱ्याने मागे टाकलं होतं, आणि तोही आमच्या रानात मेंढरं बसवणाऱ्यांपैकी. चुलत्यांनी जे मोठ्याने म्हटलं ते माझ्याही मनात होतंच.

मी मित्राकडचा दोन कॅसेटचा टेप आणला आणि कॉपी करताना अठ्ठाविसाव्या मिनिटाला पॉजचं बटण दाबलं. गलका आणि वस्तादचं बोलणं गेल्यावर बटण सोडलं. कॉपीत वस्तादचा शेवटचा आघात, एका श्वासाएवढी शांतता, आणि मग तो माळावरचा आवाज, असं लागोपाठ आलं. वेष्टनावर मी वस्तादचं नाव लिहिलं. मूळ कॅसेट कपाटात टाकली. पुढच्या सगळ्या कॉप्या त्या कॉपीच्या.

वस्ताद काही वर्षांनी वारला. पार्टी मोडली, डीजे आले. मी पिरंगुटच्या एका कंपनीत स्टोअरला लागलो, जमिनीचा तुकडा विकून भुकूममध्ये फ्लॅट घेतला. पाच-सहा वर्षांपूर्वी कुणीतरी जुन्या बँजोवाल्यांचा मोबाइलवर ग्रुप काढला आणि मला त्यात घेतलं. तिथे मी मोठा माणूस आहे. "रेकॉर्डिंगवाले काका."

त्या ग्रुपवर रोज भांडणं चालतात. कोळवणचं चांगलं की लवळ्याचं. ढोलकीवर थोरला भाऊ आहे की धाकटा. ज्या कॉपीत सुरुवातीला म्हैस ओरडते ती खरी, की ज्यात एसटीचा हॉर्न आहे ती. एकाने लिहिलं होतं, "म्हशीचं चॅलेंज करू नका, म्हैस आमच्याच दारातली आहे." पण भुकूमच्या परण्याबद्दल सगळ्यांचं एकमत असतं. नवीन माणूस आला की त्याला सांगतात, "अठ्ठावीसवर थांब. हेडफोन लाव." त्या शांततेला ते वस्तादचा श्वास म्हणतात. वस्ताद त्या क्षणी कुठल्या तंद्रीत गेला यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. एकाच्या मते त्याला तिथे आईची आठवण आली. मी अंगठ्याची चित्रं टाकत राहिलो.

मागच्या वर्षी जांब्यात भाड्याने राहणाऱ्या, हिंजवडीत सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या एक ताई ग्रुपवर आल्या. त्यांच्या वडिलांकडे माझी कॅसेट होती. त्यांनी लिहिलं, "मी दोन्ही भाग कॉम्प्युटरवर हळू करून ऐकले. पहिल्या भागात पत्ती खाली जाताना जोर पडतो, दुसऱ्या भागात वर येताना. एकच माणूस मध्येच हात बदलेल असं वाटत नाही. दुसरं कुणी वाजवत होतं का?"

लोक तुटून पडले.

"ताई, तुमचा तेव्हा जन्म तरी झाला होता का?"

"कॉम्प्युटरला परण्याचं आवताण होतं का ओ?"

"वस्तादचा हात ओळखायला पौड रोडची धूळ खावी लागते मॅडम."

मग एकाने लिहिलं, "वाद कशाला? काका तिथे समोर होते. काका, सांगा."

मी कंपनीत जेवणाच्या सुट्टीत होतो. डबा उघडा होता. मी लिहिलं, "मी समोर होतो. वस्तादच वाजवत होते."

ताईंचं उत्तर लगेच आलं. "ठीक आहे काका. माझंच चुकलं असेल. सॉरी सगळ्यांना."

एकोणिसाव्या वर्षी केलेलं पोरकटपणात जमा करता आलं असतं. हे बावन्नाव्या वर्षी केलं. खरं ऐकू आलेल्या एकट्या बाईला मी माफी मागायला लावली. त्यानंतर ते रेकॉर्डिंग मला ऐकवेना.

गाडीवाला जिवंत आहे हे मला माहीत होतं. भूगावमधल्या एका सोसायटीच्या गेटवर तो वॉचमन आहे. पुण्याला जाताना मी दर आठवड्याला त्या गेटवरून जातो आणि गेल्या तीन वर्षांत एकदाही तिकडे मान वळवली नव्हती. एका सकाळी सुट्टी टाकून गेलो. गेटजवळ मोटरसायकल लावली.

"मामा, ओळखलंत का?"

"गाडीचा नंबर सांगा." त्याने वही उघडली होती. मग वर बघितलं. "आरं, टेपवालं दादा! उलटं चालायचं तुमी. पडलं न्हवतं का गटारात?"

मी उभ्या उभ्या त्या बटणाचं सांगितलं. चुलते काय म्हणाले तेही सांगितलं, माझ्या मनात काय होतं तेही. मध्ये दोन गाड्या आल्या. त्याने उठून बांबू वर केला, नंबर लिहिले, परत येऊन बसला.

"म्हंजी तुमी बटन दाबलं व्हय?" तो म्हणाला. "मला वाटलं, टेपनं तेवढंच खाल्लं. हितकी वर्सं मी त्या मशिनीला शिव्या घातल्या."

"मला घाला आता."

"न्हाई जमत आता. गाड्या येत्यात." मग वही मिटून म्हणाला, "पोरीच्या लग्नात कुणीतरी तीच क्यासेट लावली. मी म्हनलं, ह्यो मी हाय. तर समदी हसाया लागली. जावयानं वेष्टन दावलं, हे बघा, नाव दुसरंच हाय. तवापासून घरात कायबी दुरुस्त करायला घेतलं की म्हंत्यात, बोलवा आमच्या वस्तादाला. मी सांगायचंच सोडलं."

मी म्हणालो, मूळ कॅसेट माझ्याकडे आहे, तुम्हाला ऐकवायला घेऊन येतो.

"मला कशाला? मी तितंच हुतो. त्यास्नी ऐकवा."

कॅसेट मी जांब्याच्या ताईंकडे नेली, कारण माझ्याकडे आता ती लावायला काही उरलं नाही. दारातच त्यांना सांगितलं की तुमचं बरोबर होतं आणि मी खोटं बोललो. त्यांनी पाणी आणून दिलं. मग वडिलांचा जुना टेप कॉम्प्युटरला जोडून कॅसेट लावली. वस्तादचं बोलणं आलं तशा त्या म्हणाल्या, "काका, वस्तादांचा बोलण्याचा आवाज आज पहिल्यांदा ऐकला." तेव्हा माझ्या लक्षात आलं. वस्तादचा बोलता आवाज दुसऱ्या कुठल्याच रेकॉर्डिंगवर नाही. त्याने आयुष्यात माइकवर जे एकदाच मोकळ्या मनाने म्हटलं, तेच मी कापलं होतं, आणि वर त्याचा भक्त म्हणवून घेत होतो.

त्यांनी विचारलं, "ग्रुपवर तुम्ही टाकणार की मी टाकू?"

मीच टाकलं. पूर्ण रेकॉर्डिंग, आणि खाली मी काय केलं ते. गाडीवाल्याचं नावगाव तिथे स्पष्ट लिहिलं. इथे लिहीत नाही, कारण त्याने नको म्हटलं आहे. दिवसभर ग्रुपवर सामसूम होती. मग सुरू झालं. सहा जण ग्रुप सोडून गेले. एकाने लिहिलं, "काका, इतकी वर्षं तुमच्या बटणावर रडलो म्हणायचं." काहींनी ताईंची माफी मागितली, काहींनी मागितली नाही. आणि एका चांगल्या जुन्या दर्दी माणसाने लिहिलं, "खरं असेलही, पण हे ऐकवत नाही. मध्ये नुसता गोंगाट. श्वासवालंच ठेवा." त्याला बऱ्याच जणांनी अंगठे दाखवले.

रविवारी सकाळी मी मामाच्या मुलीच्या घरी गेलो. भूगावातच दोन खोल्या आहेत. जावई टेम्पो चालवतो. त्याने माझ्याकडून मोबाइल घेतला आणि टेम्पोतला स्पीकर आणून जोडला. मामा ड्युटीवरून आला होता, गणवेशावरच दाराशी बसला. मुलगी पोळ्या लाटत होती.

गलका आला. वस्तादचा आवाज आला. सासऱ्याचं नाव, वस्तीचं नाव. जावयाने थांबवून मागे घेतलं, पुन्हा लावलं. पुन्हा मागे घेतलं. चौथ्यांदा मुलगी आतून म्हणाली, "वाजू द्या की पुढं."

पुढचं वाजलं. तव्यावरची पोळी करपली तेव्हा ती उठली. ढोलक्या सुरू झाल्यावर मामाने एकदाच मान हलवली आणि म्हणाला, "हितं चुकलो. बटन सरकलं." आम्हाला कुणालाच काही चुकलेलं ऐकू आलं नव्हतं.

संपल्यावर मुलगी म्हणाली, "आबा, तुमी नीट सांगायचं तरी."

"धा येळा सांगितलं."

ती पुन्हा पोळपाटाकडे वळली. जावई खाली बघत वायर गुंडाळत होता. मग त्याने मला विचारलं, "हे मधीच तुटतंय. फुडचं कुटं हाय?"

कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. त्यातली जेमतेम पंधरा मिनिटं त्याच्या सासऱ्याची. मामा त्या दुपारी मारुतीच्या देवळापर्यंत वाजवत गेला होता आणि मी कॅसेट उलटून तेही सगळं भरलं होतं. पंधरा दिवसांनी कोळवणला वस्तादची सुपारी होती आणि माझ्याकडे कोरी कॅसेट नव्हती. मी ती दुसरी बाजू पुसून त्यावर वस्तादला भरलं.

हे मी ग्रुपवर लिहिलं नव्हतं. गेटवर मामालाही सांगितलं नव्हतं. तिथे, त्या दोन खोल्यांत, तिघांसमोर पहिल्यांदा सांगितलं.

मामाने माझ्याकडे बघितलं नाही. तो मुलीकडे वळून म्हणाला, "देवळापशी लई झ्याक लागलं हुतं," आणि ते कसं होतं ते सांगायला लागला. डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर दाबत, तोंडाने वाजवून दाखवत. ती लाटणं खाली ठेवून ऐकत होती. मी माझ्या चपला घातल्या आणि निघालो.