आधी तोंड बघू द्या

“थांबा, आधी तोंड बघू द्या,” असं म्हणत झूऑलॉजीच्या मॅडम मायक्रोस्कोपवरचा डोळा न काढता एक बोट वर करायच्या. ते बोट खाली येईपर्यंत आमच्या नगरच्या कॉलेजचे प्राचार्यसुद्धा दारात ताटकळत. मी शेजारच्या फिजिक्सच्या लॅबमधला, रोज त्यांना चहाला बोलवायला जाणारा. माझा चहा कायम गार.

तोंड कुणाचं? तर चिलटाच्या अळीचं. संध्याकाळी दिव्याभोवती जमणारी, डासासारखी दिसणारी पण न चावणारी चिलटं तुम्हीही झटकली असतील. त्यांच्या अळ्या पाण्याच्या तळाशी राहतात. दोन जवळच्या जातींच्या अळ्या तुम्हा-आम्हाला जुळ्या वाटतील. मॅडम त्यांच्या तोंडाखालची दातेरी पट्टी बघून जात सांगायच्या.

हिवरे बाजारच्या वाटेवरच्या एका पाझर तलावात त्या पदर खोचून तळ चाळत होत्या. म्हशी घेऊन आलेल्या म्हाताऱ्याने विचारलं, “बाई, ह्या अळ्या चावत्यात व्हय?”

“नाही हो बाबा.”

“मंग त्यांचं त्वांड कशाला बघता?”

मॅडम इतक्या हसल्या की हातातली चाळणी पाण्यात पडली.

त्याच तलावात त्यांना बोथट दातांची अळी सापडली. बाकी सगळी ओळखीच्या जातीसारखी, दात तेवढे वेगळे. जात नवी निघाली तर नाव ठेवायचा मान मॅडमचा. आम्ही तर आधीच पेढे खाऊन बसलो.

“आईचं नाव देणार, सर. सुवार्ता,” त्या हळूच म्हणाल्या. आई खेड्यातल्या शाळेत शिकवायची. ओढ्यातले किडे बरणीत घालून लेकीच्या हातात देणारी पहिली तीच. तिचा एक फोटोही घरात उरला नव्हता.

पण खात्री केल्याशिवाय बोलतील तर त्या मॅडम कसल्या! वाळू खरवडून अळीचे दात झिजतात, हे त्या स्वतःच मुलांना शिकवायच्या. म्हणून दुसऱ्या, गाळाच्या तळ्यातल्या, त्याच ओळखीच्या जातीच्या धारदार दातांच्या लहान अळ्या त्यांनी आणल्या आणि या तलावाच्या वाळूत वाढवल्या. बरण्यांना मलमल बांधून खिडकीत ठेवल्या. कोषात जाताना अळी दातांच्या पट्टीसकट कात टाकते. अशी पहिली कात त्यांनी मायक्रोस्कोपखाली धरली तेव्हा मी दारातच होतो. बोट वर गेलं आणि बराच वेळ वरच राहिलं.

“झिजलेत, सर. जात जुनीच आहे.”

“आणखी एकदा बघा की,” मी म्हणालो. मलाच राहवेना.

“नको. आईला खोटं चालायचं नाही.” चष्मा पुसायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला.

आता मॅडम नाहीत. त्या लॅबच्या दाराशी माझे पाय अजून आपोआप थांबतात.

संध्याकाळी आमच्या खिडकीतल्या दिव्याला चिलटं येतात. बायको फडकं उचलते.

मी बोट वर करतो. “थांब गं. सुवार्ताबाईंची आहेत ती.”