टोकावडे रोडवरच्या वाजणाऱ्या गाड्या

गाडीचा आवाज घेऊन येणारा माणूस नुसता आवाज आणत नाही. सोबत स्वतःचं निदान आणतो, सासऱ्याचं निदान आणतो, आणि आधीच्या मेकॅनिकला द्यायच्या शिव्याही आणतो. असे आठवड्याला चार आले तरी वर्षभरात इतकं साठतं, की मित्र चहाला बसले की आधी मलाच बोलायला लावतात.

दत्तामामाचं गॅरेज मुरबाडहून टोकावड्याला जाताना रस्त्याला लागूनच आहे. मामाची तीस वर्षं ट्रॅक्टर आणि जीपखाली गेली. मी डिप्लोमा दुसऱ्या वर्षात सोडून त्याच्याकडे आलो. हल्ली शहापूर-मुरबाडची पोरं गाडीचे कंपनीचे शॉकअप आणि स्प्रिंगा काढतात, बाहेरचे रंगीत सेट बसवतात, गाडीची उंची कमी करतात, आणि मग ती वाजायला लागली की आमच्याकडे येतात. ते काम माझं.

बाबा गणिताचे रिटायर्ड मास्तर. त्यांनी मामासमोर अट घातली, "जूनपर्यंत बघतो. याने केलेली एक जरी गाडी वाजत परत आली, तर हा परत कॉलेजात." मामाने माझ्या वतीने हो म्हणून टाकलं. मला कोणी विचारलं नाही. आमच्याकडे मोठी माणसं विचारत नाहीत, ठरवतात.

*

शहापूरचा एक जण आला. नवे शॉकअप बसवल्यापासून खड्ड्यात मागून गडगड. दोन ठिकाणी दाखवून मागचं निम्मं सामान बदलून झालं होतं. मी त्याला गाडी चालवायला लावली आणि स्वतः डिकीत आडवा झालो. दुसऱ्याच खड्ड्यात कळलं. स्टेपनीच्या खाचेत नारळ.

नव्या शॉकअपची पूजा केली तेव्हाचा. सासऱ्यांनी तो न फोडता तिथे ठेवला होता, गाडीच्या रक्षणाला. सासरे सोबतच होते.

"काढायचा नाय," ते म्हणाले. "काय झालं तर?"

"काढू नका. फडक्यात गुंडाळा."

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल दिला. जावयाने निम्मी गाडी बदलली, सासऱ्याने नुसता टॉवेल दिला. गाडी टॉवेलने गप्प झाली.

*

दुसरी एक गाडी. जागेवर स्टिअरिंग फिरवलं की पुढून 'टण्ण', तार तुटल्यासारखं. मामाने लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक गाडीला, दुसरं कानाला लावून निकाल दिला, "स्टिअरिंगचा रॅक गेला." मामाच्या मते प्रत्येक गाडीचा रॅक गेलेला असतो.

मी चाकामागे हात घालून स्प्रिंग धरली आणि मालकाला स्टिअरिंग फिरवायला सांगितलं. स्प्रिंग चाकाबरोबर सरळ फिरायला पाहिजे. ही माझ्या हातात पिळत गेली आणि एकदम सुटली. टण्ण. खोललं, तर स्प्रिंगच्या वरची बेअरिंग उलटी बसवलेली.

"कुठल्या गाढवाने बसवली ही?" मी मालकाला विचारलं.

मालक मामाकडे बघायला लागला. मामा स्क्रूड्रायव्हर पुसत म्हणाला, "चहा सांगा रे कोणतरी."

*

एक रिटायर्ड साहेब मुलाची गाडी घेऊन आले. चाकांच्या सांध्यांत रबराच्या जागी लाल, कडक बुश टाकलेले, आणि गाडी जुन्या दारासारखी कुरकुरायची. मी खाली वाकलो तोवर वरून भाषण सुरू. "मी चाळीस वर्षं गाडी चालवतोय. तुझ्या वयाचे मेकॅनिक उगाच सगळं खोलतात."

खोललं. बुश कोरडे ठणठणीत. "यांच्यासोबत ग्रीसची पुडी येते, ती कुठे गेली?" मी विचारलं.

साहेब खाली वाकले. म्हणाले, "ती होय? तिने आम्ही गाडी धुतली. मला वाटलं शॅम्पू आहे."

चाळीस वर्षं.

*

सरळगावच्या एकाने शॉकअपवरची, स्प्रिंग जिच्यावर टेकते ती रिंग फिरवून फिरवून गाडी इतकी खाली आणली, की जॅकवर उचलल्यावर स्प्रिंग बोटानेही गोल फिरत होती. स्पीडब्रेकर उतरताना ती सैल व्हायची आणि ठण्णकन परत बसायची. सोबत चुलते आलेले. त्यांचं म्हणणं एकच, "स्पोर्टची गाडी हाय, वाजणारच."

मी रिंग दोन बोटं वर घेतली, स्प्रिंग घट्ट बसली, आवाज गेला. चुलते चक्कर मारून आले ते तोंड पाडून.

"आता साधी वाटते," ते म्हणाले.

*

आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात एक गाडी परत आलीच. कसाऱ्याच्या रोशनची पांढरी हॅचबॅक. आठ दिवसांपूर्वी मीच सेट बसवलेला. ब्रेक मारला की पुढून कर्र, मग टक. त्याच दुपारी नेमके बाबा आलेले. खिशात कॉलेजचा फॉर्म, त्यावर माझं नाव आधीच भरलेलं.

"वाजतेय ना?" बाबा म्हणाले. "कर सही."

मी पेन घेतला नाही, पाना घेतला. गाडीखाली शिरलो. चाकाला धरून ठेवणारा जो आडवा आर्म असतो, त्याचे बोल्ट आवळले की मी त्यांच्यावर पिवळ्या रंगाची रेघ मारतो. तीन बोल्टांवर रेघ होती. चौथ्यावर नव्हती.

"मामा, हा कोणी आवळला?"

"तू जेवायला गेलतास. गिऱ्हाईक घाईत होतं. मी टाकला आवळून."

"चाकं कुठे होती?"

"जॅकवर. लटकत. आमी तीस वर्षं तसंच आवळतो."

"तीस वर्षं ट्रॅक्टरचं आवळताय, मामा. या आर्ममध्ये रबराचा बुश आहे. चाक लटकत असताना आवळला, की गाडी खाली आल्यावर तो कायम पिळलेला राहतो. मग तो ओरडणारच."

गाडी चारही चाकांवर उभी करून पिटावर, गॅरेजमधल्या खड्ड्यावर घेतली. खालून बोल्ट ढिला केला. आर्म 'ठक्' करून जागेवर आला. एवढा मोठा आवाज, की वर उभ्या असलेल्या बाबांनीही ऐकला. तसाच आवळला, रेघ मारली.

टोकावड्यापर्यंत चक्कर काढली. मी चालवायला, बाबा शेजारी, मामा आणि रोशन मागे. सगळे स्पीडब्रेकर घेतले, दहा वेळा ब्रेक मारले. पुढून काही नाही. मागून मामा खाकरला.

"भाऊजी, तो बोल्ट माझा होता. पोराचा नाय."

मामाला चूक कबूल करताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. बाबा मात्र डोळे मिटून बसलेले. मग म्हणाले, "हळू घे. अजून एक आवाज येतोय."

मी वेग कमी केला. बाबांनी डॅशबोर्डच्या खणाच्या झाकणावर बोट दाबलं. आवाज बंद. बोट काढलं, खुळखुळ सुरू. दोनदा करून खात्री केली, गणिताचा ताळा बघावा तशी. मग खिशातून फॉर्म काढला, चार घड्या घातल्या आणि झाकणाच्या फटीत कोंबला.

"चल आता."

गॅरेजवर सगळे उतरले तेव्हा रोशन म्हणाला, "काका, तुमचा कागद राहिला गाडीत."

"राहू दे," बाबा म्हणाले. "काढलास तर परत वाजेल."