खळीनं चिकटवलेलं बटण

आमच्या घरातलं खळीचं पातेलं कधी कोरडं नसायचं. कापसाच्या भावासाठी त्या वर्षांत सारख्या सभा व्हायच्या. बाबा पत्रकं लिहायचे, आई मैद्याची खळ शिजवायची, आणि बाबांनी ब्रश फिरवला की जिनिंग कारखान्याच्या भिंतीवर पत्रक दाबून धरायचं काम माझं. जगात सुटलेली कोणतीही वस्तू खळीनं चिकटते, अशी दहाव्या वर्षी माझी पक्की खात्री होती.

दिवाळीच्या सुट्टीत नेरची मावसबहीण आमच्याकडे दारव्ह्याला आली. जाताना तिचा टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आठवडाभरासाठी ठेवून गेली. कंट्रोलर एकच. तो माझ्या हातात देताना ताईनं बजावलं, "बिघडलं तं बिघडलं म्हणजो. लपवजो नको."

"आमच्या घरी कोणी लपवत नाही," मी तोऱ्यात म्हणाले.

पाचव्या दिवशी उडी मारायचं बटण मेलं. अंगठा दुखेस्तोवर दाबून पाहिलं. मग बाबांचा पेचकस घेऊन मागचे स्क्रू काढले. बटणाखाली रबराची टोपी होती आणि टोपीच्या आतली काळी टिकली निसटली होती. ती मी बोटभर खळ लावून बसवली. बटण तरीही चाललं नाही. दुसऱ्या दिवशी स्क्रूच्या भोकातून मुंग्यांची रांग आत चाललेली. ताई उद्या येणार होती.

बाबांना सांगायची हिंमत झाली नाही. कंट्रोलर पिशवीत घालून बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्या चाचांकडे गेले. त्यांनी तो उघडला आणि वास घेतला.

"काय वं पोरी, याले जेवू घातलं काय?"

"खळ आहे चाचा. चिकटवाले."

"वा! बाप भिंती चिकटवते, तू मशीन चिकटवून राह्यली. अवं, वाळली खळ म्हणजे पापड. पापडातून करंट जाते काय?"

मला रडू फुटलं. "आता गेलं काय हे?"

"गेलं?" चाचांनी झाकण लावलं आणि कंट्रोलर टेबलावर आपटला. खरंच आपटला. "हे असं मरत नाही. लोकं हारले का यालेच फेकतात, वायर ओढतात, तरी चालते. पेन्सिल हाय काय तुयापाशी?"

दुकानासमोर गाड्यांतून सांडलेला कापूस पडला होता. त्याचा बोळा पेट्रोलात बुडवून चाचांनी आतली पट्टी पुसली. टिकली पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवली आणि माझी पेन्सिल तिच्यावर चकाकेपर्यंत घासली. "पेन्सिलीच्या शिशातून करंट जाते," ते म्हणाले. बटण उडी मारू लागलं.

ताई आली, खेळायला बसली. "हे तं पह्यल्यापेक्षा मस्त चालून राह्यलं!"

मी गप्प बसले असते तर विषय तिथंच संपला असता. चाचांनी खूण ठेवली नव्हती. पण भिंतीला टेकवून बाबांच्या सभेचा फलक ठेवला होता. 'आमच्यापासून काय लपवता?' ही त्यावरची अक्षरं मीच रंगवली होती.

"ताई, ते परवा बिघडलतं. म्या खळीनं चिकटवलं. मुंग्या लागल्या. मंग चाचांनी नीट केलं."

"खळीनं?" ताई हसून हसून आडवी झाली. मग उठून म्हणाली, "सांगतलं, बरं केलं. पण दोन दिवस लपवलं ना? आता आज तू नुसती पाह्यजो."

संध्याकाळपर्यंत मी नुसती पाहत बसले. शिक्षा योग्यच होती.

पुढं ताईनं तो गेम मला कायमचा दिला. टीव्हीला जोडायचं त्याचं खोकं जळालं, दुसरं आलं, तेही गेलं. कंट्रोलर तोच आहे. परवा मी तो उघडला. टिकलीवर अजून पेन्सिलीची चकाकी आहे. पुन्हा थोडी घासली, स्क्रू आवळले, खेळले.

आजच्या वस्तूंना स्क्रूच नसतात. कारखान्यातच डिंकानं बंद करून विकतात, आत काय बिघडलं ते आपल्याला दिसू नये म्हणून. त्यावर मी सध्या एक पत्रक लिहिते आहे. मथळा शोधावा लागला नाही. बाबांच्या फलकावरचा जुनाच घेतला आहे.