वाळू मोजणाऱ्या वन्सं

समुद्रकाठी सर्वांत जास्त दिवस काढून समुद्र सर्वांत कमी पाहिलेला माणूस कोण, अशी स्पर्धा जगात कुठे निघालीच, तर माझ्या थोरल्या नणंदबाई पहिल्या येतील, आणि बक्षीस घ्यायला व्यासपीठावर चढण्याऐवजी खालची माती निरखत बसतील. लोक किनाऱ्यावर जाऊन क्षितिजाकडे बघतात. या बाई क्षितिजाकडे पाठ करून, गुडघ्यांवर बसून, नाक जमिनीपासून वीतभर अंतरावर ठेवून वाळू बघत. त्यांचा विषयच तो होता. गरम पाण्याच्या समुद्रात डोळ्यांना जेमतेम दिसणारे काही जीव असतात. ते मेले की त्यांची कवचं किनाऱ्याला लागतात आणि ती चांदणीच्या आकाराची असतात. या चांदण्या मोजण्यासाठी त्या पुण्याहून जपानला आल्या आणि टोकियोपासून दीड तासावरच्या एका विद्यापीठात वर्षावर वर्ष करार वाढवत राहिल्या. लग्न होऊन मी जपानला गेले तेव्हा त्यांना तिथं सहा वर्षं झाली होती. मी ‘वन्सं’ म्हटलं की चिडायच्या. “वन्सं म्हणू नकोस गं, नऊवारी नेसल्यासारखं वाटतं,” असं म्हणायच्या, आणि अंगात सलवार-कमीजवर मासेमारीचं चौदा खिशांचं जाकीट असायचं.

ती भारतातून संगणकवाले विमानं भरभरून टोकियोत उतरण्याची वर्षं होती. आम्ही टोकियोच्या पूर्वेला फुनाबोरीत राहायचो. माझा नवरा कुठल्याशा बँकेच्या सॉफ्टवेअरसाठी सकाळी सातला गर्दीच्या गाडीत शिरायचा. वन्सं दर दुसऱ्या शनिवारी यायच्या. आल्या की चौदा खिशांतून डब्या निघत, आणि माझी चहाची गाळणी ‘दोन मिनिटांसाठी’ जाई ती सोमवारी सापडे. एकदा त्यांनी तपासून झालेली पिशवीभर वाळू खाली कचऱ्यात ठेवली. आमच्या इमारतीचे व्यवस्थापक म्हणजे कचऱ्याच्या वर्गवारीतले सरन्यायाधीश. ते पिशवी घेऊन दारात उभे राहिले आणि कमरेत वाकून म्हणाले, की ही वाळू जळणारा कचरा नाही, न जळणारा नाही, प्लॅस्टिक नाही, डबाही नाही. तर हे नेमकं काय आहे? वन्सं त्यांच्याहून खाली वाकल्या आणि म्हणाल्या, “हे मृतदेह आहेत.” त्यानंतर पाऊण तास दोघं दारात उभ्याउभ्या बोलत होती. मी दोनदा चहा केला. शेवटी व्यवस्थापक खिशातलं भिंग काढून वाळू बघत बसले, आणि पिशवी कुठल्याच कचऱ्यात न जाता त्यांच्या कार्यालयातल्या कपाटावर गेली.

लग्नाचं म्हणाल तर तेही या वाळूनंच मोडलं. नागोयाला मोटारींच्या कारखान्यात असलेले एक इंजिनिअर त्यांना भेटायला आले होते. चांगला, शांत माणूस. वन्संनी त्यांच्यापुढे चमचाभर वाळू ठेवली आणि विचारलं, “यात किती कण असतील?” ते हसून म्हणाले, “मोजायचे कशाला?” संपलं. मी नंतर रागावले, तर म्हणाल्या, “ज्याला चमचाभर वाळू मोजावीशी वाटत नाही, त्याच्याशी जन्मभर बोलू काय मी?”

खरं सांगायचं तर मला त्यांचा हेवा वाटायचा. त्या देशात त्यांना काहीतरी करायचं होतं. मी पुण्यातली नोकरी सोडून आले होते आणि माझ्या व्हिसावर ‘अवलंबून’ असं लिहिलेलं होतं. सहा वर्षांची माझी सई बालवाडीतून यायची ती जपानी बोलतच. मी मराठीत विचारायची, ती जपानीत उत्तर द्यायची, आणि त्यातलं अर्धं मला कळायचं नाही. एका शनिवारी मी नवऱ्याला सांगून टाकलं, की एप्रिलमध्ये इथली शाळा सुरू व्हायच्या आत मी सईला घेऊन पुण्याला जाते, तू तुझं काम संपवून ये. वन्सं कोपऱ्यात गाळणी धूत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “जायचं तर जा. पण आधी माझ्याबरोबर चार दिवस चल.”

मार्चच्या सुरुवातीला आम्ही तिघी निघालो. दोन विमानं, मग एक बोट, आणि बोटीत सईची ओकारी माझ्या कोटावर. ओकिनावाच्याही बरंच खाली, नकाशावर पेनाची निब टेकल्याएवढं ते बेट. उसाची शेतं, एक शाळा, दुपारी बंद होणारं एक दुकान, आणि रस्त्यात आडव्या बसलेल्या शेळ्या. टोकियोत थंडी होती आणि इथं कुंपणाला लाल जास्वंद फुललेली, किनाऱ्याला केवड्याची बनं. मी एक फूल तोडून हातात धरून उभी राहिले. सई म्हणाली, “हे काय?” तिनं जास्वंद पाहिलेली नव्हती. आम्ही एका आजींच्या घरी उतरलो. पाठीत वाकलेल्या, एकट्या, घरातल्या चार खोल्या पाहुण्यांना देणाऱ्या. वन्सं दरवर्षी त्यांच्याकडेच येत. जेवणात कच्च्या पपईची भाजी होती. आईच्या हातची नव्हती, पण मी तीन वेळा घेतली.

किनाऱ्यावर कुणी नव्हतं. कुणी नव्हतं म्हणजे अगदी कुणीच नाही; इतकी शांतता, की खेकडा पळाला तरी ऐकू यायचा. वन्संनी सईचा तळहात पाण्यात बुडवून वाळूवर दाबला आणि उलटा केला. हाताला चिकटलेल्या कणांत तीन चांदण्या होत्या. त्यानंतर दोन दिवस ती पोरगी जागची हलली नाही. मीही बसून होते. कुणाला डबा द्यायचा नाही, बालवाडीतल्या बाईंशी खाणाखुणांनी बोलायचं नाही. कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच मला कुणाची भीती वाटत नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी आजी माझ्याजवळ येऊन काही सांगू लागल्या. बोलताबोलता डोळे पुसत होत्या. मला ‘आत्या’ आणि ‘पुढचं वर्ष’ एवढंच कळलं. मी सईला हाक मारली. ती नेहमीसारखी जपानीतच सांगायला लागली, तर मी म्हटलं, “सई, मराठीत सांग. मला कळायला हवंय.” ती थांबली. शब्द शोधत, एकेक ठेवत म्हणाली, “आजी म्हणते... आत्या पुढच्या वर्षी येणार नाही. आत्यानं तिच्या चाळण्या आजीला दिल्या. आत्याचं काम... झालं. नाही, झालं नाही. संपलं.”

मी किनाऱ्यावर गेले. वन्सं रोजच्यासारख्या वाळूवर वाकलेल्या. मी विचारलं, “करार वाढवला नाही ना त्यांनी?”

“नाही.” मान वर नाही. “या महिनाअखेर शेवट. तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस, तो लगेच तक्ता मांडून बसेल.”

“मग हे आता कुणासाठी मोजताय?”

“कुणासाठी म्हणजे? पद माझं गेलंय. या चांदण्यांनी काय केलंय?”

मी शेजारी बसले. त्यांनी हातातली डबी बंद केली. “गंमत बघ. तुला जायचंय आणि मला जायचं नाही. अदलाबदल करता आली असती तर किती सोपं होतं.” आणि मग, मला कधी कुठली गोष्ट न विचारणारी ती बाई एकदम म्हणाली, “माझं काय होईल गं?”

मी म्हटलं, “व्हिसा आहे तोवर आमच्याकडे चला. सईला मराठी शिकवा. मला जपानी शिकवा.”

“आणि तू?”

“तुम्हाला घरात एकटं सोडून जाऊ? गाळणी उरेल का माझी?”

त्या हसल्या, आणि हसताहसता चेहरा फिरवला.

पाच महिने त्या आमच्याकडे होत्या. कुठून कुठून अर्ज केले. जपानात काही मिळालं नाही. शेवटी कोकणात समुद्राजवळच्या एका छोट्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची जागा मिळाली आणि त्या गेल्या. मी राहिले. पुढं नऊ वर्षं राहिले, जपानी शिकले, नोकरीही केली. जाण्याची भाषा करणारी मी राहिले आणि राहण्यासाठी धडपडणाऱ्या त्या गेल्या, याचं मला अजून ओशाळल्यासारखं वाटतं.

दर रविवारी त्यांचा फोन यायचा. आधी सईशी, मराठीत, अर्धा तास. मग माझ्याशी दोन मिनिटं. मी विचारायची, “वन्सं, करमतं का हो?”

“न करमायला काय झालं?” त्या म्हणायच्या. “इथं सगळं आहे की.”

पुढं काही विचारायचा मला धीर होत नसे. फुनाबोरीतल्या पहिल्या वर्षी आईचा फोन आला की मीही तिला अगदी तसंच, त्याच आवाजात सांगायची.