हातचे किती?

'शंभर टक्के' हे शब्द ज्यांच्या तोंडून चुकूनही बाहेर पडले नाहीत, असे अख्ख्या पनवेलमध्ये एकच गृहस्थ असतील, आणि ते म्हणजे आमचे सर्जन. मी भूल देणारा. कैक वर्षं त्यांच्या ऑपरेशनच्या टेबलाशी उभा राहिलो, पण त्यांनी लग्नाच्या आमंत्रणालासुद्धा 'नक्की येतो' म्हटल्याचं मला आठवत नाही. "येण्याची शक्यता बरीच आहे," एवढंच म्हणत आणि अक्षतांच्या आधी हजर असत. आमटीत मीठ बरोबर आहे का, असं बायकोने विचारलं तर म्हणत, "एका घासावरून सांगता येणार नाही." त्या माउलीने पुढे विचारणंच सोडून दिलं.

ऑपरेशनआधी पेशंटची सही घेणं हा इतरांकडे दोन मिनिटांचा मामला. यांच्याकडे तोंडी परीक्षा असे. "सही म्हणजे संमती नव्हे," हे त्यांचं पालुपद. काय करणार, काय बिघडू शकतं, नाही केलं तर काय होईल, हे सगळं पेशंटने आपल्या शब्दांत परत सांगायचं, मगच पेन हातात मिळायचं. बाजारातले एक कापडवाले चाचा कंटाळून म्हणाले, "डॉक्टरसाब, मी सगळं अल्लावर सोडलंय. सही कुठे करू तेवढं बोला." "जरूर सोडा," हे म्हणाले, "पण काय सोडताय ते आधी मला सांगा." चाचा दुसऱ्या प्रयत्नात पास झाले. तोवर माझे दोन चहा झाले होते.

आकडे समजावायला त्यांच्याकडे चिंचोक्यांची बरणी होती. मोजून शंभर चिंचोके. हर्नियाच्या ऑपरेशननंतर पुस्तकाप्रमाणे जितक्या जणांची जखम चिघळते, तितके चिंचोके सिस्टरांच्या नेलपॉलिशने लाल रंगवलेले. बरणी उपडी करून ते म्हणत, "यातला लाल कोणाच्या वाट्याला येईल, हे मला आधी सांगता येत नाही." निम्मे पेशंट तिथेच घाम पुसायला लागत.

एकदा रोडपालीच्या एक मावशी हर्निया घेऊन आल्या. तांदूळ निवडावेत तसे त्यांनी चिंचोके बोटाने बाजूला केले आणि विचारलं, "हे कोनाचे?"

"पुस्तकातले."

"ते ऱ्हाऊ द्या. तुमच्या हातचे किती हाईत?"

सर्जनांनी चिंचोके पुन्हा बरणीत भरले. मग म्हणाले, "मी कधी मोजले नाहीत, मावशी. आठवड्याने या."

आठवडाभर त्यांनी जुन्या फायली उपसल्या आणि आणखी दोन चिंचोके रंगवले. मी म्हटलं, "कशाला सांगताय? बाई दुसरीकडे जाईल. कायदा काही हे मागत नाही." ते म्हणाले, "तिने मागितलंय." ते घाबरले होते, हे मला दिसत होतं. आठवड्याने मावशींनी येऊन मोजून पाहिलं. "पुस्तकापरीस जास्त हाईत की!"

"आहेत."

"मंग तुमीच करा. खरं बोलनारा बरा."

तेव्हापासून दर दिवाळीआधी ते वर्षभराचे पेशंट मोजून बरणी नव्याने रंगवत. काही वर्षं लाल कमी होत गेले. मग त्यांच्या हाताला बारीक कंप सुटला आणि लाल पुन्हा वाढले. मला कंप दिसत होता, पण बोलायचा धीर नव्हता. त्यांनी बरणी पाहिली आणि स्वतःच सुरी खाली ठेवली. मी भांडलो. "बरणीशी भांडा," म्हणाले.

यंदा त्याच मावशी दुसऱ्या बाजूचा हर्निया घेऊन आल्या. "आता माझ्या हातचे फार झाले, मावशी," सर्जन म्हणाले. "नवे डॉक्टर करतील." परीक्षा मात्र त्यांनीच घेतली. मावशींनी सगळं बिनचूक सांगितलं आणि शेवटी जोडलं, "आनि तुमी माज्या उशाशी ऱ्हानार."

"हे फॉर्ममध्ये नाही," मी म्हणालो.

त्यांनी फॉर्म ओढून घेतला, तळाशी ते वाक्य लिहिलं आणि स्वतः सही केली. अक्षर सगळं थरथरत गेलं होतं. बावीस मिनिटांत पोट शिवून मोकळा होणारा हात तो. मावशींनी त्याखाली अंगठा उठवला आणि मान वर करून विचारलं, "नक्की ना?"

"शंभर टक्के," सर्जन म्हणाले.