साडूंची नाडी

माझे साडू हेब्बाळला तळ्याजवळ राहतात आणि रोज सकाळी धावतात. याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती धावायला जाण्याआधीच्या कार्यक्रमाला. अंथरुणात पडल्या पडल्या ते मनगटावरच्या घड्याळात आपली नाडी पाहतात आणि आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. ‘आज बावन्न.’ खाली जोडलेले हात. नमस्कार कोणाला असतो ते कळत नाही. बहुधा स्वतःच्याच हृदयाला.

माझी नाडी अठ्ठ्याहत्तर. डॉक्टरांच्या मते अगदी योग्य, बायकोच्या मते “भावोजींपेक्षा केवढी जास्त!” साडूंचा हुद्दा, त्यांचं घर, साठीनंतरही जागेवर असलेले त्यांचे केस, हे सगळं मी पचवलं होतं. पण हृदयातही धाकटं ठरायचं म्हणजे अति झालं.

मेमध्ये चौघांनी हिमालयात ट्रेकला जायचं ठरलं. दोघी बहिणींनी नियम काढला: पुरुषांनी आधी ट्रेडमिलवर चालून हृदय तपासून घ्यायचं. जो नापास होईल तो घरी, बाकीचे डोंगरावर. मला डोंगरांची विशेष ओढ नाही. पण बायको बर्फात, शेजारी साडू, आणि मी आमच्या जे. पी. नगरच्या बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालतोय, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. उलट चित्रात कुंड्या हेब्बाळच्या होत्या. ते मी अधूनमधून चवीनं पाहत असे.

तपासणीला आधी माझा नंबर लागला. डॉक्टर तरुण होत्या, बेळगावकडच्या. आमचं बोलणं कानावर पडताच त्या मराठीत शिरल्या. छातीवर तारा चिकटवून त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं.

“काका, स्वल्प शांत व्हा की. मशीन अजून चालूच केलं नाही मी.”

स्क्रीनवर आकडा शंभराकडे निघाला होता. कापडी पडद्यापलीकडे साडू नर्सला आपल्या बावन्नची हकिगत सांगत होते. पायांना काही काम नसताना माझं हृदय आपणहून कामाला लागलं होतं.

मी सरकारी कारखान्यात पंपांच्या चाचण्या घेण्यात उभी नोकरी काढली. भार वाढला तरी जो डगमगत नाही तो पंप चांगला, हे माझ्या हाडात मुरलेलं. त्यामुळे पट्टा चढाला लागून आकडा भराभर वाढू लागला तसा मी मनातून खचलो. डॉक्टर मात्र खूश.

“वाढू द्या. वाढायलाच पाहिजे. झकास, काका!”

मग साडू चढले. पट्टा वेगानं फिरू लागला, चढ वाढला, त्यांच्या कपाळावर घाम आला, पण आकडा नव्वदीच्या पुढे जाईना.

“बघा,” ते धापा टाकत म्हणाले, “हृदय घोड्यासारखं आहे.”

डॉक्टर हसल्या नाहीत. “गोळी कसली घेता?”

“ब्लडप्रेशरची. बारीकशी आहे.”

“नाडी मंद करणारी? आज घेतली?”

“सकाळीच. रोज घेतो. चार वर्षं झाली.”

ग्रुपवरच्या नमस्कारांनाही साधारण तेवढीच वर्षं झाली होती. मी पडद्याच्या कडेला उभा राहून शर्टाची बटणं लावत होतो. एक बटण आनंदानं चुकीच्या काजात गेलं.

बाहेर चौघांना बसवून डॉक्टरांनी समजावलं. मी पास. साडूंची तपासणी मात्र अपुरी राहिली. ठोके पुरेसे वाढल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही. गोळी मनानं बंद करायची नाही. नेहमीच्या डॉक्टरांशी बोलून पुन्हा यायचं.

“म्हणजे बावन्न त्या गोळीचे होते?” मी विचारलं. अगदी साधेपणानं.

“बरेचसे असतील. पण गंमत बघा,” त्या म्हणाल्या, “गोळीनं ठोके अडवले, की दोन ठोक्यांमधे हृदयाला भरायला जास्त वेळ मिळतो. जास्त रक्त आलं की स्नायू ताणला जातो, आणि जेवढा ताणला तेवढ्या जोरानं आवळतो. कोणी सांगावं लागत नाही. ठोके कमी, पण एकेका ठोक्यात माल जास्त.”

माझा एकही पंप असं करत नव्हता. शिवाय स्विचपाशी माणूस बसवावा लागे. मी क्षणभर साडूंना विसरून त्या स्नायूवर जळलो.

“ऐकलंत?” बायको माझ्याकडे वळली. “हात बांधलेले असताना भावोजी एवढं चालले!”

मेहुणी म्हणाली, “यांची तपासणी होईपर्यंत आपण थांबू. मे नाही तर सप्टेंबर.” बायकोनं लगेच मान डोलावली.

“आणि मी नापास झालो असतो तर?” मी विचारलं.

“तुम्ही? तुम्ही मजेत पुस्तकं वाचत बसला असता.”

नियम फक्त माझ्यासाठी होता हे मला तेव्हा कळलं. दोघी तारखा पाहू लागल्या. साडू घाम पुसत माझ्याकडे सरकले, माझ्या दंडावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, “मी थांबलो असतो हो तुमच्यासाठी.”

आणि ते खरं बोलत होते. हे मात्र मला आजतागायत सहन होत नाही.